स्पीकरमधला रानपिंगळा

“पण दिसला की नाही? मग माझं चुकलं कुठं?”

उपासनी तावातावानं विचारत होता. नाशिकचा माणूस, चाळिशीतला. गळ्यात दुर्बीण, आणि पाच वर्षांत सव्वातीनशे जातींचे पक्षी पाहिल्याचा तोरा. सातपुड्याच्या आमच्या जंगलात तो रानपिंगळा, म्हणजे ते दुर्मीळ छोटं घुबड, बघायला आला होता. शिवाय गुलसिंगबाबांनी आपल्याला चेला करून घ्यावं, असा हट्ट धरून बसला होता.

बाबा पूर्वी जंगलखात्यात वनमजूर होते. आता पाखरं ओळखायला शिकवतात. मी चार हिवाळे त्यांच्या झोपडीत काढले, अजून त्यांच्या तोंडातून माझ्यासाठी ‘बरं’ असं निघालेलं नाही. आणि याला दोन दिवसांत सगळं हवं होतं! माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं.

त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. बाबांनी त्याला सागाच्या एका ढोलीपासून लांब बसवलं.

“बस. गप बस.” एवढंच सांगितलं.

ढोलीत मादी अंड्यांवर होती. रानपिंगळ्याची वीण थंडीत असते. मादी उबवत बसते, नर तिला खायला आणून देतो.

हा अर्धा तास बसला. मग पठ्ठ्यानं खिशातून छोटा स्पीकर काढला आणि रानपिंगळ्याची हाक लावली. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं वाटून खरा नर तीरासारखा आला. चोचीतला सरडा खाली पडला. यानं फोटो काढले. पुन्हा वाजवलं. तो पुन्हा आला. पुन्हा वाजवलं...

मी पोचलो तेव्हा ते एवढंसं पाखरू चोच उघडी टाकून धापा टाकत होतं.

“फोटो भन्नाट आलेत हो!” तो मला म्हणाला.

मी स्पीकर हिसकावून घेतला. तोंडाला आल्या त्या शिव्या दिल्या. त्या इथं लिहीत नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि त्याच्यापुढं भाकरी नि डाळ ठेवली.

“जेव आधी.”

सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. त्यानं घास मोडला.

“तुझ्या गाडीपाशी कुणीतरी आहे,” बाबा म्हणाले. “काच फोडतोय.”

घास टाकून तो धावला. गाडी नाल्यापलीकडं, उतारावर. घामाघूम होऊन परत आला. तिथं कुणी नव्हतं. त्यानं पुन्हा घास उचलला.

“आता आलाय बघ. दार उघडतोय.”

त्यानं बाबांकडं संशयानं पाहिलं. पण कॅमेऱ्याच्या लेन्स गाडीत होत्या, न जाऊन सांगतो कुणाला? पुन्हा धावला.

परत आला तेव्हा धापा टाकत होता. डाळ गार झाली होती.

बाबांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तसा तो भडकला.

“खोटारडे आहात तुम्ही! वयाकडं बघून गप्प बसलो. माणसाला सुखानं दोन घास खाऊ देत नाही, आणि म्हणे गुरू!”

“राग आला?”

“येणार नाही? तिथं कुणी नव्हतंच!”

“नव्हतंच,” बाबा म्हणाले.

उपासनीनं ताट बाजूला सारलं.

मग मी हिसकावलेल्या स्पीकरकडं बघितलं.

माझ्याच्यानं राहवलं नाही. “जेवणाआधी मी ढोलीकडं जाऊन आलो,” मी म्हणालो. “नर अजून तिथंच बसलाय. तुम्ही जिथं स्पीकर ठेवला होता, त्या झुडपाकडं डोळे वटारून. शिकारीला गेलेलाच नाही. मादी सकाळपासून उपाशी आहे.”

उपासनीचा चेहरा उतरला. त्यानं बाबांचे पाय धरले.

“चुकलो, बाबा. चेला नका करू. मी आत्ताच्या आत्ता निघतो, पुन्हा या जंगलात पाय ठेवणार नाही. मी गेलो की घालेल ना तो तिला खायला?”

बाबांनी पाय ओढून घेतले. इतका वेळ दाबून ठेवलेला राग त्यांच्या आवाजात आला.

“तू जाशील रे... पण दुश्मन गेला, हे त्याला कोण सांगणार?”