कपाटाची किल्ली

सोनवडीच्या वाचनालयात सात हजार पुस्तकं होती. त्यांच्या नोंदी ग्रंथपाल कुंदाताईंनी वीस वर्षं हातानं लिहिल्या होत्या. त्या आता संगणकावर न्यायच्या होत्या. सॉफ्टवेअर कंपनीचे मोहिते साहेब आले, "पहिलं वर्ष फुकट!" म्हणाले, आणि अध्यक्ष नानासाहेबांनी सहीसाठी पेन उघडलं.

कुंदाताईंनी विचारलं, "पुढं वर्गणी परवडली नाही, तर आमच्या नोंदी परत मिळतील ना?"

"नोंदी तुमच्याच, बाई. पण त्या आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. वर्गणी भरली की दिसतील." साहेब हसले. "तांत्रिक आहे हे, तुम्हाला नाही कळायचं."

"असेल बाई," म्हणत कुंदाताई चहा सांगायला उठल्या. "साहेब, बॅग कपाटात ठेवू का? इथं मांजर फिरतं."

साहेबांनी खुशाल बॅग दिली.

चहा झाला. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "बॅग द्या, साडेचारची एसटी गाठायचीय."

"बॅग तुमचीच आहे, साहेब," कुंदाताई शांतपणे म्हणाल्या. "पण कपाट आमच्याच किल्लीनं उघडतं. वर्गणी भरा, लगेच मिळेल."

"ही काय अडवणूक! बॅग माझी आणि पैसे मीच भरायचे?"

नानासाहेबांनी पेनाला टोपण लावलं. "द्या कुंदाताई, त्यांची बॅग. तांत्रिक होतं, पण मलासुद्धा कळलं."

पुढच्या महिन्यात वाचनालयानं दुसरं, साधं आणि फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं. घेण्याआधी कुंदाताईंनी त्यात दहा पुस्तकं भरली आणि दहाही नोंदी बाहेर काढून पाहिल्या.