तुडवलेली माती

पूर्वी कृष्णेच्या काठच्या वेणुपूर नगरावर पद्मक राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व कुंभाराच्या कुळात जन्मले होते. नाव सोमिल. घरात बायको नागिला, हाताशी आलेला मुलगा भद्रक, एक चाक, मडकी भाजायचा एक आवा आणि पिंगळ्या नावाचा कुत्रा.

हा कुत्रा कोणी मागून आणला नव्हता. एका पावसात आव्याच्या उबेला येऊन बसला, तो उठलाच नाही. राखणीलाही तो कामाचा नव्हता. चोर दिसला की शेपूट हलवी आणि घरचे माणूस आले की भुंके. ओली मडकी वाळत मांडली की त्यांवर उड्या मारी. सोमिल त्याला रागे भरत आणि भाकरीही घालत. त्याच्यावर त्यांचा फार जीव होता, असे मात्र नाही.

नगराबाहेर कुंभारांचे तळे होते. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी आटले की तळाशी चिकणमाती आरशासारखी नितळ बसे. आसपास दुसरीकडे तशी माती नव्हती. दरवर्षी तेव्हाच्या पौर्णिमेला सगळी चाके थांबत, कुंभार गाड्या जुंपून बायकापोरांसह तळ्यावर जात आणि झाडांखाली खीर शिजवीत. जेवणे झाली की श्रेणीचा, म्हणजे कुंभारांच्या संघाचा, ज्येष्ठ पहिली कुदळ मारी. मग घरोघरचा वर्षाच्या मातीचा वाटा ठरे.

त्या कुदळीआधी मातीत कोणाचा पाय पडता कामा नये. ती तळ्यातल्या यक्षिणीची कूस, असे मानत. पाळलेल्या जनावराने ती तुडवली तर मालकाचा वाटा जाई. बेवारस जनावराने तुडवली तर त्याला तिथेच मारून पुरीत. तेवढ्याने दोष फिटे आणि सगळ्यांचे वाटे शाबूत राहत.

म्हणून त्या वर्षी सोमिलांनी निघताना पिंगळ्याला आव्याच्या खांबाला बांधले. पण ते नुकतेच सणानिमित्त चाकाला ओल्या मातीचा लेप देऊन उठले होते. ओल्या हातांनी त्यांनी ओल्या दोरीची गाठ मारली. ओली गाठ घट्ट वाटते आणि वाळली की सुटते. माती वाळली की काय होते हे ज्याला जन्मभर ठाऊक, त्याला दोरीचे सुचले नाही.

पानांवर खीर वाढली जात असताना पिंगळ्या दोरी फरफटत तळ्यावर आला. आल्या आल्या त्याने ज्येष्ठ विशाखांच्या पत्रावळीत तोंड घातले.

शेजारचा मल्लक म्हणाला, "सोमिल, तुझा जावई आला बघ. पाट मांड त्याला."

"पाट कशाला? तो माझ्याच पानावर बसलाय," विशाख म्हणाले. सगळे हसले.

मग पिंगळ्याने विशाखांचे पायताण उचलले. दोघेचौघे काठ्या घेऊन मागे धावले. त्याला तो खेळ वाटला. बांधावरून उडी मारून तो तळ्यात उतरला आणि त्या नितळ मातीत गोल गोल पळत सुटला. पळून दमला तेव्हा मधोमध लोळला.

हसणे थांबले. काठीवाले त्याला दोरीने ओढत वर घेऊन आले. विशाखांनी आपल्या माणसांकडे पाहिले आणि सावकाश विचारले, "हा कुत्रा कोणाचा?"

कोणाचा ते सगळ्यांना ठाऊक होते. मल्लक गाडीच्या जुवाकडे पाहू लागला.

"गळ्यात दोरी आहे," मागून कोणी तरी बोलले.

"दोरी काय, मातीने माखलेली. अशी दोरी इथे कोणाकडे नाही? गावात अशी कुत्री पुष्कळ फिरतात. मला हा बेवारस दिसतो." विशाख सोमिलांचे लहानपणापासूनचे सोबती होते. ते वाट काढून देत होते.

नागिलाने नवऱ्याचा हात धरला. ती हळूच म्हणाली, "बोलू नका. काही बोलू नका. वर्षभर चाकावर काय ठेवाल? पोराचा विचार करा."

सोमिलांनी पोराचा विचार केला. घराचाही केला. या कुत्र्याने आजवर एक भांडे राखले नव्हते, उलट कितीतरी मोडली होती. त्याला मरू दिले तर कोणी नावे ठेवणार नव्हते. तोंड मिटून उभे राहणे, एवढेच काम होते. पिंगळ्या चिखलाच्या तोंडाने काठीवाल्याचा हात चाटत होता.

"माझा आहे," सोमिल म्हणाले. "बांधला मी होता. गाठ माझी सुटली."

विशाखांचा चेहरा उतरला. "सोमिल, मी नीट ऐकले नाही."

"ऐकलेस. कुत्रा माझा आहे. त्याला सोड."

मग विशाखांना राग आला. पुढे केलेला हात झिडकारला की येतो तसा राग. "मग घेऊन जा तुझा कुत्रा. मातीला हात लावू नकोस."

मातीविनाच गाडी घराकडे वळली. भद्रक चाकाशेजारून चालत होता. "बाबा, त्या जनावराला तुम्ही वाचवलेत. आम्हाला कोण वाचवणार?" सोमिल बैल हाकत राहिले. पिंगळ्या पुढे पळत होता. वाटेत त्याने गाडीतले भाकरीचे गाठोडे ओढून पळवले.

त्या वर्षी चाक फिरले नाही. भद्रक दूरच्या गावी दुसऱ्याच्या चाकावर राबायला गेला आणि तिथलाच झाला. नागिला स्वयंपाक करी, वाढी, पण नवऱ्याशी एक शब्दही बोलत नसे. पावसाळा सरल्यावर व्यापाऱ्यांचा एक तांडा नगरातून गेला. पिंगळ्या त्यांच्या बैलांमागून चालता झाला. सोमिलांनी हाक मारली. त्याने मागे वळून पाहिले नाही. पुन्हा तो दिसला नाही.

बोधिसत्त्वांना पश्चात्ताप झाला नाही. सुखही झाले नाही. थंड आव्यापाशी बसून त्यांनी त्या वर्षाचे उरलेले दिवस काढले.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा सांगितली ती भिक्षू लोलकामुळे. त्याने भिक्षापात्रे फोडली, उपासकांशी भांडणे केली, त्याच्यापायी एका मायलेकांनी विहारात येणेही सोडले, तरी शास्त्यांनी त्याला विहारात राहू दिले होते. आदल्या दिवशी तो वंदनही न करता निघून गेला. तेव्हा एका वृद्ध भिक्षूने विचारले, "भगवन्, एवढे सोसलेत. काय हाती आले?"

शास्ते म्हणाले, "काही नाही. तेव्हाही आले नव्हते. तो पिंगळ्या म्हणजे लोलक. नागिला आणि भद्रक म्हणजे त्याच्यापायी विहारात येणे सोडलेले ते मायलेक. वाट काढून देणारा विशाख तू होतास. आणि तो कुंभार मी. लोलक परत येईल असे मी म्हणत नाही. तरी त्याचे आसन उचलू नका. याला करुणा म्हणतात."