ठकूनं निवडलेला फोन

हेमाडगडच्या महाराजांचा फोन-कंपनीशी झालेला दोन वर्षांचा करार त्या दिवशी सूर्यास्ताला संपत होता, आणि नवा फोन कोणता घ्यायचा ते काही केल्या ठरत नव्हतं! करार संपला की फोन बदलायचा, हा त्या गादीचा रिवाज. तो कुणी पाडला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच तो मोडायची कुणाची छाती नव्हती.

दरबारात तीन सौदागर तीन चकचकीत खोकी घेऊन उभे होते.

"महाराज, माझ्या फोनला पाच डोळे आहेत!" कुंदनशेट म्हणाले.

"माझा तर घडी घालून खिशात ठेवावा!" भिकाशेट पुढे सरसावले.

"आणि माझा महाराजांच्या मनातलं आधीच ओळखतो!" वामनशेटनी कडी केली.

दिवाणजी आठ दिवस तक्ते मांडत होते. नववा तक्ता त्यांनी उलगडला, तशी दाराशी कुणीतरी खुदकन हसलं.

"कोण हसलं?" महाराज कडाडले.

हसली होती ठकू. दरबारात फोन वाजू नये म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचा फोन दाराशी काढून घ्यायचा, त्याला दोरा बांधून टोपलीत ठेवायचा आणि हातात पितळी बिल्ला द्यायचा, हे तिचं काम. आधी सासूनं केलं, आता ती करत होती. हसू तोंडातून निसटलं आणि तिनं जीभ चावली, पण आता उपयोग काय!

"म्या हसले, सरकार."

"असं? मग तूच निवड! पण खोकं उघडायचं नाही, किंमत विचारायची नाही आणि या तिघांना एक अक्षरही विचारायचं नाही. दिवस मावळायच्या आत उत्तर हवं. आणि निवडलेल्या फोनला या तिघांपैकी एकानं जरी नाव ठेवलं, तर तुझी टोपली बंद! दाराला लोखंडी पेटी बसवीन!"

ठकूचं सगळं घर त्या टोपलीवर चाललं होतं. शिवाय सौदागर ते सौदागर, एकानं दुसऱ्याच्या मालाला चांगलं म्हटल्याचं आजवर कुणी ऐकलंय? दिवाणजी मिशीतल्या मिशीत हसले. नववा तक्ता अर्ध्यावर राहिल्याचा राग होताच त्यांना.

ठकू हिरमुसून टोपलीपाशी जाऊन बसली. सवयीनं फडकं सारखं करू लागली आणि एकदम थांबली. मग तिनं फडक्याखाली डोकावून पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि पदर खोचून थेट टोपलीच काखोटीला मारून दरबारात आली.

"सरकार, खोकं उघडायचं नाही. पण टोपलीवरचं फडकं उघडलं तर चालंल?"

"फडक्याची अट मी घातलेली नाही!"

"मग हे बघा!" तिनं तीन फोन काढून महाराजांपुढे ओळीनं मांडले. "ह्यो कुंदनशेटचा, ह्यो भिकाशेटचा आणि ह्यो वामनशेटचा. सकाळी त्यांनी आपल्या हातानं दिल्यात."

महाराज वाकून पाहू लागले. तिन्ही फोन एकाच घडणीचे, एकाच रंगाचे! पाच डोळे नाहीत, घडी नाही, काही नाही.

"छे छे! तो माझा नव्हेच!" कुंदनशेट ओरडले.

"बरं तर. बेवारशी फोन सांजच्याला सरकारी खजिन्यात जातो. टाकते टोपलीत."

"अगं, थांब थांब! माझाच आहे!"

मग बाकीच्या दोघांनीही निमूटपणे माना डोलावल्या. न डोलावून सांगतात कुणाला!

"सरकार," ठकू म्हणाली, "रोज दुपार झाली की दारात रांग लागती. 'ठकूबाई, बॅटरी संपली, जरा चार्जिंगला लाव गं!' नव्या फोनवाले समदे मानकरी असतात त्या रांगेत. ह्ये तिघंबी दोन वर्षं दरबारात येत्यात, पण त्या रांगेत एकदाबी आले नाहीत. ज्याचं पोट फोन इकण्यावर, त्यानं सोताच्या खिशासाठी जो निवडला, त्यो माझी निवड! ठेवावं कुणी ह्याला नाव!"

महाराजांनी तिघांकडे पाहिलं. नाव ठेवावं, तर दुसरा प्रश्न तयारच होता, की मग खिशात का बाळगता? तिघंही आपापल्या पायांचे अंगठे न्याहाळत उभे राहिले.

"निवड पटली!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "दिवाणजी, याच घडणीचा फोन आत्ताच्या आत्ता मागवा!"

"मागवायचा कशाला, सरकार? आपल्या हातात काय हाय ते बघा की!"

महाराजांनी मूठ उघडली. तोच फोन! तीच घडण, तोच रंग, कोपऱ्याला तेवढा एक ओरखडा.

"पण... पण याचा करार संपला ना!" महाराज गोंधळले.

"करार संपला, फोन कुठं संपलाय?" ठकूनं कमरेवर हात ठेवले. "न्हाव्याचं साल भरलं, तर माणूस न्हावी बदलतो, सरकार. डोकं न्हाई बदलत!"

भालदारानं डोळे मिटून घेतले. महाराजांनी आपसूकच डोक्यावरून हात फिरवला... आणि असे हसत सुटले, असे हसत सुटले, की पगडी घरंगळून दिवाणजींच्या तक्त्यांवर जाऊन पडली! मग कुठे मानकऱ्यांना धीर आला. शेवटी तिघं सौदागरही हसले, कारण न हसणं आणखी महागात पडलं असतं.

"दिवाणजी, करार नवा करा, फोन हाच राहील!" डोळे पुसत महाराज म्हणाले. "आणि या तिघांनी वर्षभर आपापल्या खोक्यातलाच फोन वापरायचा. ठकूच्या रांगेत त्यांनाही उभं राहू दे!"

त्यांनी मनगटातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या हातात घातलं, आणि तिथल्या तिथे तिला दरबाराची पारखी नेमून बसायला दिवाणजींच्या शेजारी पाट मांडायला सांगितला. दिवाणजी जरा अंग चोरून बाजूला सरकले. ठकू ऐसपैस मांडी घालून बसली.