टिटवीच्या पिल्लाची बोली

फार मागे नदीकाठच्या पाखरशाळेत सगळी पिल्लं कोकिळेच्या सुरात शिकत. मग रानसभेचं नवं धोरण आलं: ज्यानं त्यानं आपल्या आईच्या बोलीत शिकावं.

टिटवीचं पिल्लू रुसलं. "आमची बोली कर्कश आहे, गुरुजी. आजवर शिकलो ते वाया गेलं का?"

"वाया कसं जाईल? ते गाणं तुझंच राहील," म्हातारे करकोचे गुरुजी म्हणाले. त्यांना जुने दिवस आठवले. कोकिळेचे सूर येण्याआधी याची आईसुद्धा इथल्याच वाळूत बसून 'टिटिव-टिटिव' घोकायची.

पिल्लू कुरकुरत शिकलं. एका दुपारी मुंगूस आलं, तेव्हा ते घाबरून आपल्या बोलीत ओरडलं. पैलतीरावरून आई झेपावली. मुंगूस पळालं.

पिल्लाला पंखाखाली घेत ती म्हणाली, "गुरुजी, पोर काय बोलतंय ते आज पहिल्यांदा कळलं मला."