न जमणारा मुखवटा

डोंगरातल्या एका पाड्यावर देवजी नावाचा मुखवटे कोरणारा राहत होता. दर चैत्रात तिथे बोहाड्याचा उत्सव भरे आणि त्याचे मुखवटे चढवून माणसं देव-दानव होऊन नाचत. त्याच्या हातात मोठं कसब होतं, पण स्वभाव तापट. कोणी दोन शब्द बोलायला बसलं, की हा उठलाच.

एका वर्षी देवीच्या जुन्या मुखवट्याला वाळवी लागली. नवा करायचं काम देवजीकडे आलं. त्यानं एक कोरला. चेहरा रागीट आला. दुसरा केला, तोही तसाच. तिसरा पाहून लोक म्हणाले, चांगला आहे, चालेल. पण देवजीला चैन पडेना. देवीच्या चेहऱ्यावर माया हवी होती, ती यातही उतरली नव्हती. शेवटी तो मुखवटा त्यानं स्वतःच फोडला. उत्सव आठ दिवसांवर आला होता.

त्याची बायको रखमी म्हणाली, "माणूस बोलायला लागला की तुम्ही उठून जाता. मग मायेचा चेहरा तुम्हाला दिसणार कधी?"

बोलणं झोंबलं. तरी दुसऱ्या दिवशी तो शेजारच्या म्हाताऱ्या बुधाबाईच्या ओट्यावर जाऊन बसला. तिच्या भुवया तेवढ्या नीट पाहायच्या आणि निघायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पण बुधाबाई बोलू लागली. मागच्या वर्षी तिची लेक तापानं फणफणली, तेव्हा तिला वैद्याकडे नेणाऱ्या डोलीला खांदा द्यायला माणूस हवा म्हणून बुधाबाई देवजीच्या दारी आली होती. कामात खोळंबा नको, म्हणून त्यानं तिला हाकलून लावलं होतं. लेक वाचली नाही. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. देवजीचे पाय उठायला शिवशिवत होते, पण तो उठला नाही. भुवया पाहायच्या राहूनच गेल्या.

"चुकलो, बाई," तो म्हणाला. असं तो आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होता.

"लेक काही परत येत नाही," बुधाबाई म्हणाली. "पण आज बसलास, बरं केलंस."

देवजीनं चौथा मुखवटा कोरला. एक डोळा किंचित लहान झाला, पण चेहऱ्यावर राग नव्हता. उत्सवात देवी नाचत आली आणि लोकांचे हात आपोआप जोडले गेले. सगळे मुखवट्याकडे पाहत होते. देवजी मात्र लोकांच्या चेहऱ्यांकडे पाहत होता. इतकी माणसं आहेत, आणि आपण अजून एकीचंच ऐकलं आहे, असं त्याला वाटत होतं.

तात्पर्य: जो आपल्या कलेतली उणीव झाकत नाही, त्याला कला त्याच्या स्वभावातली उणीवही दाखवते, आणि माणूस तिथूनच वाढू लागतो.