नकोचा धडा

“पण मॅडम, ती आता चावत नाही, डोकं आपटत नाही, सांगितलेलं सगळं करते. मग तिला घरी पाठवायला हरकत काय?”

डॉ. जमीला परकार चष्मा पुसत राहिल्या.

दापोलीजवळ एका टेकडीवर त्यांची निवासी शाळा होती. जी मुलं स्वतःला ओरबाडत, दुसऱ्यावर धावून जात, ज्यांच्यापुढे बाकीच्या शाळांनी हात टेकलेले असत, ती इथे येत. अशा मुलांसोबत काम कसं करायचं हे शिकायला पीएचडी झालेली माणसंही इथे येऊन राहत.

आता प्रश्न विचारणारा डॉ. निनाद उमराणी त्यांपैकीच एक. हुशार होता. आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होतं.

त्याच्याकडे मयूरी पावसे सोपवली होती. पंधरा वर्षांची, न बोलणारी. धाकट्या भावाच्या कानाचा लचका तोडला, तेव्हा आईनं तिला इथे आणून सोडलं होतं. आज तीच आई, कुंदाताई, हर्णैहून आली होती. लेकीला न्यायला. निनादनंच कुंदाताईंना परस्पर फोन केला होता.

“बघा तुम्ही,” निनाद म्हणाला. “मयूरी, उभी राहा.”

मयूरी उभी राहिली.

“बस.”

ती बसली.

“हात पुढे कर.”

तिनं हात पुढे केला. कुंदाताईंनी पदर तोंडाला लावला. डोळे भरून आले होते त्यांचे.

परकार मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. अंगणात पंपाची मोटार दुरुस्त करायला एक माणूस आला होता. तो शाळेत पहिल्यांदाच येत होता. त्याला त्यांनी हाक मारली.

“भाऊ, एक काम करता? या मुलीला नुसतं ‘चल’ म्हणा. आणि तुमच्या टेम्पोपर्यंत जा.”

तो माणूस संकोचला. हात पँटला पुसत म्हणाला, “चल गं.”

मयूरी उठली. तिनं आपला हात त्याच्या हातात दिला.

दोघं पायऱ्या उतरले. अंगण ओलांडलं. फाटकाबाहेर टेम्पो उभा होता. माणूस टेम्पोशी थांबला आणि गोंधळून मागे पाहू लागला.

मयूरीनं मागे पाहिलं नाही. ती टेम्पोत चढून बसली.



कुंदाताई धावत सुटल्या. मुलीला दंडाला धरून परत घेऊन आल्या. येताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“डॉक्टर,” त्या निनादला म्हणाल्या, “ही चावत होती ना, तेव्हासुद्धा मला एवढी भीती वाटली नव्हती.”

“हे... हे मी शिकवलं नव्हतं,” निनाद म्हणाला.

“मग काय शिकवलंस?” मॅडमनी विचारलं.



कुंदाताई एकट्याच संध्याकाळच्या गाडीनं परत गेल्या. त्या गेल्यावर निनाद पुन्हा व्हरांड्यात आला. मॅडम तिथेच बसल्या होत्या.

“आता काय करू?”

“तिला नको म्हणायला शिकव.”

“कुणाला नको म्हणायला?”

“जो शिकवेल त्याला.”

निनाद हसला. मॅडम हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं मयूरीसमोर भोपळ्याची भाजी ठेवली. ती तिला मुळीच आवडत नसे. तरी तिनं तोंड उघडलं. निनादनं तिचा हात धरला, तळहात उभा करून पुढे धरला, “नको” म्हणाला आणि ताटली उचलून नेली.

ती बघत राहिली.

किती दिवस हेच चाललं. ती तोंड उघडायची, तो तिचा हात उचलायचा. निनाद कंटाळला, चिडला, एकदा तर ताटली तिथेच टाकून निघून गेला. परत आला तेव्हा ती तशीच बसलेली होती.

मग एका दुपारी तिचा तळहात आपणहून वर आला. जेमतेम... पण आला.

निनादनं ताटली उचलली.

त्यानंतर तिनं गार पाण्याच्या आंघोळीला तळहात दाखवला. फणीला दाखवला. फक्त कुणी “चल” म्हटलं, की ती निमूट उठायची. तिथे तिचा हात वर येत नसे.

पावसाळा सरला. शाळेला मदत करणारे काही पाहुणे पुण्याहून आले. निनादचं काम आवडलं, तर दुसऱ्या गावी अशीच शाळा काढून त्याच्या हाती द्यायचा त्यांचा विचार होता.

पाहुणे व्हरांड्यात खुर्च्यांवर बसले. मयूरी अंगणात जांभळीखाली झोपाळ्यावर होती.

निनाद तिच्याजवळ गेला. “चल, मयूरी.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. आणि तळहात उभा केला.

पाहुण्यांत कुजबुज झाली. निनादचे कान तापले.

“मयूरी... चल.”

तळहात तसाच. जबडा आवळलेला. ओठ घट्ट मिटलेले. चावण्याआधी ती अशीच दिसायची, हे तो ओळखून होता. हात धरून उठवली असती तर ती कदाचित आलीही असती. त्याचा हात अर्धा पुढे गेला होता.

तो हात त्यानं मागे घेतला.

“बरं,” तो म्हणाला, आणि दोन पावलं मागे सरला.

जबडा सैल झाला. मयूरीनं पायानं झोपाळ्याला झोका दिला.

चहा घेऊन पाहुणे निघाले. “अजून वेळ लागेलसं दिसतं,” त्यांच्यातला एक जण पायऱ्या उतरता उतरता म्हणाला. नव्या शाळेचा विषय कुणी काढला नाही.

गाडी गेल्यावर निनाद मॅडमच्या खोलीत गेला. दारातच उभा राहिला.

“सॉरी, मॅडम. एवढ्या लांबून आले, आणि त्यांना काही दाखवता आलं नाही.”

“मी खिडकीत होते,” मॅडम म्हणाल्या. “तू मागे सरलास.”

“हो.”

“वाईट वाटलं?”

“...हो.”

बाहेर झोपाळ्याची कडी अजून वाजत होती.

“जिला दाखवायचं होतं,” त्या म्हणाल्या, “तिनं पाहिलं.”