गोजराची निळी वाकळ

हिवरदरीच्या वाटेला दोन्ही अंगांनी हिवराचं काटेरी रान होतं, तेव्हाची ही गोष्ट. आता ते रान नाही, वाटही डांबरी झाली. पण गोजराचं नाव निघालं की गावातली म्हातारी माणसं अजून बोलता बोलता थांबतात.

गोजरा लग्न होऊन या गावात आली आणि वर्ष फिरायच्या आत पटकीची साथ शिरली. नवरा गेला, सासू गेली, दीर गेला. साथीच्या भयानं त्यांची कापडंसुद्धा जाळून टाकली. माहेरी कुणी नव्हतंच. एवढ्या घरात ती एकटी उरली. साथ काही तिनं आणली नव्हती, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? "हिच्या पायगुणानं झालं," असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

तसं कुणी तिला छळलं नाही हो. खुरपायला बोलवायचे, वाटेत भेटली तर "काय गं, बरं हाय का?" म्हणायचे. पण अंगावरचं जुनेर मात्र कुणी तिला कधी दिलं नाही. वापरलेलं कापड अशा बाईच्या हाती गेलं तर ती करणी करते, अशी त्या काळची खुळी समजूत. आणि वाकळ तर जुनेराचीच होते. आईचं लुगडं, बापाचं धोतर, पोरांची अंगडी, शेजारणीनं दिलेलं एखादं फडकं, तेव्हा कुठं तिला रंग चढतो. गोजराजवळ होतं काय? तिची स्वतःची निळी लुगडी. ती विरली तेव्हा तिनं त्यांचीच वाकळ शिवली. वरून निळी, खालून निळी. पांघरली, पण ऊब येईना. एकट्या माणसाच्या कापडात ऊब धरत नाही, असं म्हणतात. दुसऱ्या कुणाचं तरी कापड आपल्या कापडाला लागावं, एवढंच तिला हवं होतं.

एके सकाळी ती विहिरीवर निघाली, तर काट्याला लाल चिंधी अडकलेली. गोजरानं ती हलकेच सोडवली आणि पुढं चाललेल्या बायकांना हाक मारली, "अगं, ही चिंधी ऱ्हायली की गं!" बायकांनी वळून पाहिलं आणि भराभर पाय उचलले. मग तिनं ती कनवटीला खोचली. त्या दिवसापासून गोजरा काट्यांवर नजर ठेवून चालू लागली. काटे काय, येणाऱ्याजाणाऱ्याचं थोडंथोडं घेतच असतात. कुणाच्या धोतराचा पांढरा तुकडा, कुणाच्या पागोट्याचा गुलाबी शेव, नव्या नवरीच्या हळदीच्या लुगड्याची पिवळी पट्टी.

संध्याकाळी उजेड असेतो ती उंबऱ्यात हे सगळं मांडून बसायची आणि निळ्या वाकळीवर एकेक जोडत जायची. कुठल्या रंगाशेजारी कुठला शोभेल, हे बाकीच्या बायका बघतात. गोजरा माणसं बघायची. कुठली चिंधी कुणाची, हे तिला पक्कं ठाऊक. दिवसभर दुसरं करत काय होती ती? गावाकडं बघतच बसायची. "धुरपे, तू हितं बस," ती लाल तुकड्याला सांगायची. मग हिरवा उचलायची. "आन ही येसू, तुजी जाऊ. तोंड फिरवू नगंस, लई झालं तुमचं." आणि दोघींना धरून धावदोरा घालायची. ऐका बरं का, या धुरपा-येसूचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं. पुढचा बाजार भरायच्या आत त्या एका जात्यावर दळायला बसल्या, असं म्हणतात. बांधावरून भांडणारे भाऊ एका पंगतीला जेवले. रुसून माहेरी गेलेली सून आपल्या पायांनी परत आली.

गावाला वाटलं, देव पावला. गोजराच्या ओसरीवर मात्र तेव्हाही कुणी टेकलं नाही. सारं गाव वाकळीवर मांडीला मांडी लावून बसलेलं, आणि तिचं निळं कापड सगळ्यांच्या खाली, कुणाला न दिसणारं. कधीकधी तिला फार रडू यायचं. मग ती वाकळ बाजूला सारायची, रंग उतरायला नकोत म्हणून.

वाकळ पुरी झाली, तशी तिनं ती पौषातल्या उन्हात कुडावर घातली. तेवढ्यात कोंडाबाई पाटलीण तिथून चालली होती. तिला आपल्याच लुगड्याचा जांभळा काठ दिसला. बाजूला साऱ्या गावाचं कापड! "अगं बया, करणी!" ती ओरडली. "आख्ख्या गावाला बांधून घातलंय हिनं!"

गाव गोळा झालं. कुणी म्हणालं, जाळा. पण आपल्या अंगाचं कापड जाळायलाही जो तो भ्याला. शेवटी ठरलं की ज्यानं त्यानं आपली चिंधी उसवून न्यावी. आता गंमत बघा, एक पाटलीण सोडली तर आपली चिंधी कुणालाच ओळखू येईना! सगळ्यांच्या ओळखणारी एकटी गोजरा. तीच खाली बसली आणि एकेक टाका उसवत देत गेली.

"ही घे येसू. पोर तापलं हुतं, वैदाकडं पळत हुतीस, तवा अडकली. ही पाटलीणबाई, तुमची. लेकीला सासरी धाडून एकट्याच येत हुता, डोळं पुसत."

पाटलीण चपापली. ते रडणं तिनं घरच्यांनाही कळू दिलं नव्हतं. तरी तिनं हात पुढं केला आणि चिंधी घेतली. सगळ्यांनीच घेतली.

"येक तरी ऱ्हाऊ द्या की," गोजरा म्हणाली. कुणी थांबलं नाही.

मग हिवरदरीत थंडी पडली. अशी थंडी ना आधी पडली, ना नंतर. जाळापुढं बसूनही हात गारच. वाकळीवर वाकळ घातली तरी पोरांचे दात वाजायचे. शेवटी एका पहाटे धुरपा आपली लाल चिंधी घेऊन उठली. तिच्यामागं येसू, मग पाटलीण, मग सारं गाव. उजाडता उजाडता सगळे गोजराच्या दारात आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत गोजरा निळ्या वाकळीखाली मुटकुळं करून पडली होती, आणि तिच्यात जीव नव्हता.

पाटलीण तिच्या उशाशी बसली. "गोजरे," ती म्हणाली, "मला तुज्या लुगड्याची येक पट्टी दे गं." इतक्या वर्षांत गोजराकडं कुणी काही मागितलं ते हे पहिलंच. आणि आता हो म्हणायला ती नव्हती. पाटलीण हमसून हमसून रडली, मग वाकळीच्या कडेची एक पट्टी तिनं फाडून घेतली. घराघरानं एकेक घेतली. साऱ्या गावाला पट्ट्या मिळाल्या, तरी वाकळ होती तेवढीच राहिली, असं म्हणतात. तीच अंगावर घालून गोजराला मसणवटीत नेलं, आणि माणसं परत येईतो थंडी मोडली होती.

हिवरदरीत आजही वाकळीच्या मधोमध निळी पट्टी लावतात आणि तिला गोजरा म्हणतात. गावात कुणी नवं आलं, सून असो की बदलून आलेली मास्तरीण, तर सगळ्या बायका मिळून तिच्या दारी जातात. द्यायला नाही, मागायला. परवा एक नवी सून लाजून म्हणाली, "अहो आजी, माझं फाटकं कशाला हवंय तुम्हाला?"

म्हातारीनं पदर पसरला. "दे बाई. तू हायस तवर मागतोय."